पातळ हवेतली कोंबडी

मागे लागून सांगायला लावायचं आणि वर विचारायचं, याचा अर्थ काय. अर्थबिर्थ मिळणार नाही. झालं ते एवढंच.

"बाबा, मला दम का लागतो?" हैबतीनं विचारलं. विचारतानाही लागलाच होता.

हैबती सांगलीकडचा पैलवान. तालमीत त्याला कुणी दमवलं नव्हतं. आणि इथं हिमालयात, जिथं झाडंसुद्धा उगवायची थांबतात, तिथं पाण्याची एक घागर आणली की गडी भिंत धरायचा. सत्तारशा फकीर, म्हणजेच बाबा, ज्याचा चेला व्हायला तो आला होता, मूळचा बीडकडचा, सत्तरी ओलांडलेला. तो हळूहळू चढायचा, पण कुठं टेकायचा नाही. हैबतीला हे फार झोंबायचं.

"हवा पातळ आहे," बाबा म्हणाला.

"तुम्हाला नाही होत ती पातळ?"

"होते. मी तिच्याशी कुस्ती खेळत नाही."

"मी रियाज करीन. हिवाळ्याच्या आत तुमच्या पुढं जाईन."

 हिवाळ्यात वर कुणाला ठेवून घ्यायचं, ते बाबाच ठरवायचा. बाकीच्या चेल्यांना खाली धाडायचा. हैबतीचा सगळा जीव त्यात अडकलेला.

बाबाकडं तिथल्याच वाणाच्या कोंबड्या होत्या. पारव्याएवढ्या, काळपट. एक खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. अंडी बघून हैबतीला हसू आलं. लिंबं बरी.

तो खाली बाजारात गेला आणि दांडग्या कोंबड्यांची अंडी घेऊन आला. खुडूक कोंबडीखालची काढून कुत्र्याला घातली, ही ठेवली.

बाबानं पाहिलं...

दिवस भरले. कवचं फुटेनात.

शेवटी हैबतीनं एक फोडलं. आत पिल्लू पुरं झालेलं. चोच, पंख, नखं, सगळं. मेलेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्यानंतर तो खाली बसला.

"काय कमी पडलं, बाबा? ऊब तर होती."

"हवा. कवचातून येते तेवढी यांना पुरली नाही."

"मग हिच्या पिल्लांना कशी पुरते? कुठं शिकतात?"

"शिकतात कुठं रे. कोणे काळी ज्या कोंबड्या वर आणल्या, त्यांचीही पिल्लं अशीच मेली. ढिगानं. एखादं जगायचं. त्या जगलेल्यांची ही अवलाद. हिच्या रक्तातच आहे ते."

"म्हणजे माझा रियाज..."

"रियाजानं चढशील. रक्त कुठून आणशील?"



तेवढ्यात कोंबडीच्या पोटाखाली काहीतरी चिवचिवलं. एक फुटलं होतं. बाजारच्या वाणाचं, ओलं, चोच उघडून धापा टाकणारं.

हैबतीनं हात घातला. कोंबडीनं अशी टोच मारली की रक्त आलं. मग पिल्लू पंखाखाली ओढून घेतलं, जसं काही तिचंच.

हैबती बोट चोखत बघत राहिला. एवढा पैलवान, पण डोळे भरले.

"जगेल का हे?"

"बघू."

"आणि मी? राहू, का खाली जाऊ?"

बाबा कोंबडीकडं बघत होता...

"तिची माफी मागायची राहिलीय, हैबती."