तिसरी मूठ

त्या मुलखात दात वापरायची बंदी होती. ती कोणा राजाने घातलेली नव्हती. एकमेकांना फाडून दोन्ही कळप इतके थकले होते की ती आपसूक आली होती.

माळाच्या एका अंगाला मुंगसं राहायची, दुसऱ्या अंगाला रानमांजरं. पाण्याचा डोह एकच. त्यामुळे भांडण होतंच, ते कुठे जाणार? मग असं ठरलं, की भांडायचं ते चिखलाच्या गोळ्यांनी. ज्याला गोळा लागेल त्याने आपल्या बिळात जायचं, दम खायचा आणि पुन्हा बाहेर यायचं. जो कळप मधल्या दगडाला आधी शिवेल, त्या दिवशी डोहावर त्याचा पहिला मान.

हे भांडायचं रण आखायचं आणि खणायचं काम बयाआत्याकडे होतं. बयाआत्या म्हणजे म्हातारी घूस. दातांच्या दिवसांत मेलेल्यांसाठी खड्डे तीच खणायची, दोन्हीकडच्यांचे. त्यामुळे रणाची माती ती फार जपून उकरायची.

रणाची रीत अशी होती. रण मान्य नसेल तर म्होरक्याने मधल्या दगडावर मूठभर माती उधळायची, आणि आत्याने रणात फेरफार करायचे. पण एकाच रणावर तिसरी मूठ पडली, की रण मोडलं. रण मोडलं की गोळे बंद. त्यानंतर काय सुरू होणार, हे कोणी बोलून दाखवत नसे.

पहिली मूठ मुंगसांच्या गोंदाजीने उधळली.

"आत्या, हे रण आहे की आमचं मसण?" तो म्हणाला. "आमचं कोणी बिळातून नाक काढतं न काढतं, तोच रानमांजरांच्या त्या उंच खडकावरून थाडकन गोळा! की पुन्हा आत. आत-बाहेर, आत-बाहेर. खेळायचं कधी?"

"खरंय बाबा," आत्या म्हणाली. "बघते."

ती आपल्या वारुळावर चढली. तिथून सगळं रण परातीसारखं दिसायचं. तिने शेपटीने मापं घेतली आणि मुंगसांच्या बिळापुढे मातीचा बांध घातला.

मग मुंगसं जिंकायला लागली, ती जिंकतच राहिली. तेव्हा रानमांजरांची भागाबाई आली आणि काही न बोलता तिने दुसरी मूठ उधळली. बोलली ती नंतर.

"घर बांधून दिलंस का गं त्यांना? बसतात बांधाआड निवांत. आम्हाला काय दिसतं, तर माती!"

आत्या पुन्हा वारुळावर चढली. पुन्हा मापं घेतली. बांधात अंग जाईल एवढं खिंडार पाडलं. रानमांजरांचा खडक बुडाशी उकरून थोडा खाली बसवला. वरून पाहिलं तर दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसत होत्या. त्या दिवशी तिला जरा झोप लागली.

पण पुढच्याच खेळात मुंगसं हरली. तीही थोडक्यात. गोंदाजी तडक मधल्या दगडापाशी आला आणि त्याने माती मुठीत घेतली.

गोंदाजीच्या मागे उभ्या असलेल्या तरण्या मुंगसांचे ओठ मागे गेले. कित्येक वर्षांनी त्या माळावर दात दिसले. पांढरेशुभ्र, न वापरलेले. समोर रानमांजरांच्या पाठी कमानीसारख्या वर झाल्या.

"थांब बाबा," म्हणत आत्या दगडाला अंग लावून उभी राहिली.

"बाजूला हो आत्या. ते खिंडार तू त्यांच्यासाठी पाडलंस. सरळ आमच्या तोंडावर गोळे येतात."

"शेपटीने मोजलंय मी. वरून बघ, दोन्हीकडे सारखं आहे."

"वरून!" गोंदाजी म्हणाला. "वर बसून कोणाला गोळा लागतो गं?"

आत्याने एवढी रणं खणली, पण कोणाच्या बिळात बसून तिने कधी बाहेर पाहिलं नव्हतं. काम झालं की ती वारुळावर जायची.

ती वळली. हळूहळू चालत रानमांजरांच्या बिळात शिरली. कोणी तिला अडवलं नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या मिशा खाली लोंबत होत्या.

"मूठ तुझी आहे गोंदाजी, टाक," ती म्हणाली. "पण आधी तिथं बसून ये."

"त्यांच्या बिळात? अगं, वास मारतंय ते!"

"आणि तुमच्या बिळात मोगरा फुललाय का रे?" भागाबाई म्हणाली. कोणी हसलं नाही. मग ती बिळाच्या तोंडावरून थोडी बाजूला झाली. "जा. पण माझी नखं बाहेरच आहेत, ध्यानात ठेव."

गोंदाजी मूठ तशीच आवळून आत गेला. त्याला जायचं नव्हतं, पण बांधाआड सरकलेली तरणी पोरं खिंडारातून बघत होती. मागे फिरला असता, तर भ्याला म्हणाली असती.

आत अंधार होता. त्याने तोंड बाहेरच्या उजेडाकडे केलं. समोर बांध होता आणि बांधात खिंडार होतं. ज्या खिंडारातून आपल्यावर गोळे येतात म्हणून तो ओरडत होता, तेच ते. पलीकडे काळोख होता, आणि त्या काळोखात दातांची एक रांग. दातांवर उजेड पडला होता. मागे कोणाचा चेहरा दिसत नव्हता. आपलीच पोरं आहेत हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याचं अंग मागे सरकलं आणि पाठ बिळाच्या भिंतीला टेकली.

भिंत खरबरीत लागली. त्याने वळून मोकळ्या पंजाने चाचपलं. नखांचे ओरखडे होते. खालपासून वरपर्यंत, खोल, एकावर एक. काही अगदी बारीक नखांचे. सगळे आणखी आत, मातीत शिरू पाहणारे.

बाहेर दोन्ही कळप दगडाकडे डोळे लावून उभे होते. रानमांजरांच्या बिळात गोंदाजी खाली वाकला. त्याने मूठ उघडली, ती माती बिळाच्या उंबऱ्यावर ठेवली, आणि पंजाने थापून थापून तिचा छोटासा बांध करायला बसला.