टिकलीला हवी रद्दी

इवलीशी एक उंदरी होती. कपाळावरच्या टिकलीएवढी. बरं, टिकलीपेक्षा थोडी मोठी. तिचं नाव टिकली.

टिकली राहायची शेवंती सोसायटीत. रेवूच्या घरात. ओट्याखाली, रद्दीच्या गठ्ठ्यात.

गठ्ठा केवढा? एवढा मोठ्ठा! रोज सकाळी नवा पेपर यायचा. नवा आला की जुना रद्दी. जुना गठ्ठ्यावर पडायचा. थप्प! टिकली खूश.

टिकलीची आई तिला सांगून गेली होती, "रद्दी कुरतड. पेपर कुरतडू नकोस. पेपर माणसांचा, रद्दी आपली."

टिकली शहाणी. टिकली ऐकायची. कुर्र कुर्र कुर्र. रद्दी कुरतडायची. मऊमऊ गादी करायची. गादीवर झोपायची टिकलीची पाच बाळं. गुलाबी गुलाबी. अजून डोळेसुद्धा न उघडलेली.

आणि मग एक मोठा आजार आला. गावोगाव हिंडू लागला. माणसं घरात बसली. शाळा बंद. दुकानं बंद. सोसायटीचं फाटक बंद. आणि पेपर? पेपरही बंद!

नवा येईना. गठ्ठा वाढेना. आणि घरात बसून माणसं करणार काय? रेवूच्या आईने सगळ्या फळ्यांवर कागद घातले. बाबांनी सगळ्या काचा पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. रेवूने होड्या केल्या. बादलीत सोडल्या. बुडाल्या. पुन्हा केल्या.

गठ्ठा एवढा होता. मग एवढा झाला. मग एवढुसा.

एक दिवस आईने भजी केली. तेल निथळायला कागद हवा. आईने ओट्याखाली हात घातला. लक्ष सगळं कढईत! उरलासुरला कागद ओढला. सर्रर्र! कागदाला एवढी भोकं का, ते कुणी विचारलं नाही. भजी संपली.

आणि बाळं? बाळं लादीवर. टुपुक टुपुक टुपुक.

"चीं चीं चीं! गार गार!" बाळं कुडकुडली.

टिकलीने त्यांना पोटाशी घेतलं. पण टिकलीच केवढी! दोन बाळं मावली. तीन बाहेर राहिली. टिकलीला रडूच आलं.

"थांबा हं राजा. आत्ता आणते रद्दी."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली रेवूच्या आजोबांकडे.

आजोबा खुर्चीत बसले होते. हातात पेपर. तोच पेपर! काल वाचला. परवा वाचला. आजही वाचला. त्यातलं शब्दकोडं सोडवलं. खोडलं. पुन्हा सोडवलं.

टिकली म्हणाली,

"आजोबा, आजोबा, रद्दी द्या.
रद्दी मिळाली की बाळांची गादी.
बाळं माझी लादीवर, लादी गार गार!"

आजोबा म्हणाले, "देईन की! पण रद्दी आहे कुठे? हा तर पेपर आहे."

"अहो, जुना झाला तो."

"जुना असेल. पण नवा आलाय का? नवा आला की जुना रद्दी. तोवर हा आजचाच! जा, पेपरवाल्याला सांग."

खरंच की! टिकलीला बसवेना. टिकलीला थांबवेना. जिना उतरली. टुण टुण टुण. तुरुतुरु तुरुतुरु. फाटकाखालून बाहेर. टिकली गेली पेपरवाल्या काकांकडे.

काकांची सायकल उभी. सायकलवर पेपर. काकांच्या तोंडाला रुमाल.

टिकली म्हणाली,

"काका, काका, पेपर टाका.
पेपर आला की जुन्याची रद्दी.
रद्दी मिळाली की बाळांची गादी.
बाळं माझी लादीवर, लादी गार गार!"

काका म्हणाले, "टाकीन की! पण फाटक बंद. रोज येतो, रोज परत जातो. फाटक उघडू दे. जा, वॉचमनला सांग."

टिकलीला बसवेना. टिकलीला थांबवेना. तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली वॉचमनदादाकडे.

वॉचमनदादा स्टुलावर बसला होता. फाटकाला कुलूप. किल्ली त्याच्या खिशात. खुळखुळ खुळखुळ.

टिकली म्हणाली,

"दादा, दादा, फाटक उघड.
फाटक उघडलं की पेपर येईल.
पेपर आला की जुन्याची रद्दी.
रद्दी मिळाली की बाळांची गादी.
बाळं माझी लादीवर, लादी गार गार!"

दादा म्हणाला, "उघडीन की! पण चेअरमनकाकू हो म्हणू देत. मी आपल्या मनाने उघडलं तर काकू मला उभा सोलतील. जा, त्यांना सांग."

टिकलीला बसवेना. टिकलीला थांबवेना. जिना चढली. टुण टुण टुण. तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली चेअरमनकाकूंच्या दारात.

"लांबून!" काकू ओरडल्या. "लांबून बोल!"

टिकली मागे सरकली.

"अजून लांब!"

टिकली अजून मागे सरकली. आता काकूंना टिकली दिसेचना.

"कोण बोलतंय?" काकू म्हणाल्या.

"मी टिकली!" टिकली ओरडून म्हणाली,

"काकू, काकू, हो म्हणा.
हो म्हटलं की फाटक उघडेल.
फाटक उघडलं की पेपर येईल.
पेपर आला की जुन्याची रद्दी.
रद्दी मिळाली की बाळांची गादी.
बाळं माझी लादीवर, लादी गार गार!"

काकू म्हणाल्या, "म्हणेन की! पण तो पेपर कुठून कुठून हिंडून येतो. त्याला कडक इस्त्री फिरवायची. मगच घरात घ्यायचा. आधी इस्त्री तापू दे. जा, इस्त्रीवाल्याला सांग."

पेपरला इस्त्री? पेपर काय सदरा आहे? पण काकूंना कोण सांगणार!

टिकलीला बसवेना. टिकलीला थांबवेना. जिना उतरली. टुण टुण टुण. तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली इस्त्रीवाल्या मामांकडे.

मामा जिन्याखाली बसले होते. जांभया देत होते. इस्त्री गारढोण. कपडे कोण देणार? सगळी सोसायटी पायजम्यात!

टिकली म्हणाली,

"मामा, मामा, इस्त्री तापवा.
इस्त्री तापली की काकू हो म्हणतील.
हो म्हटलं की फाटक उघडेल.
फाटक उघडलं की पेपर येईल.
पेपर आला की जुन्याची रद्दी.
रद्दी मिळाली की बाळांची गादी.
बाळं माझी लादीवर, लादी गार गार!"

मामा म्हणाले, "तापवीन की! पण कोळसा पेटवायला चिटोरा हवा. कागदाचा एवढासा चिटोरा. चिटोरा पेटला की करवंटी पेटते. करवंटी पेटली की कोळसा पेटतो. जा, एक चिटोरा आण."

टिकली बघतच राहिली. "म्हणजे? कागद आणायला कागद हवा?"

"हवा बाई," मामा म्हणाले. "माझ्याकडे असता तर मी असा बसलो असतो का?"

टिकलीने जिन्याखाली पाहिलं. चिटोरा नाही. कुंड्यांमागे पाहिलं. चिटोरा नाही. पायपुसण्याखाली पाहिलं. मुंग्या होत्या. चिटोरा नाही.

आणि वरून आवाज आला. चीं चीं चीं. अगदी बारीक झाला होता तो आवाज.

टिकलीला बसवेना. टिकलीला थांबवेना. टुण टुण टुण. तुरुतुरु तुरुतुरु. टिकली आली परत घरी.

घरात कसला तरी आवाज येत होता. टिंग टिंग! टिंग टिंग!

रेवूने खुर्च्या मांडल्या होत्या. एकीमागे एक. ती झाली होती एस.टी. रेवूच्या गळ्यात पिशवी. हातात वाटी आणि चमचा. रेवू कंडक्टर!

दोनदा टिंग म्हणजे गाडी सुटली. एकदा टिंग म्हणजे गाडी थांबली. पण गाडी सगळी रिकामी. आई कामात. बाबा फोनवर. आजोबा पेपरात. मैत्रिणी आपापल्या घरात. कंडक्टरला रडू येत होतं.

आणि तिच्या पिशवीत काय होतं? एक तिकीट. खरंखुरं! आजार येण्याआधी रेवू मावशीच्या गावाला गेली होती. तेव्हाचं. चुरगळलेलं, मऊ झालेलं. रात्री ती ते उशाखाली ठेवायची.

टिकली म्हणाली,

"रेवू, रेवू, चिटोरा दे.
चिटोरा मिळाला की इस्त्री तापेल.
इस्त्री तापली की काकू हो म्हणतील.
हो म्हटलं की फाटक उघडेल.
फाटक उघडलं की पेपर येईल.
पेपर आला की जुन्याची रद्दी.
रद्दी मिळाली की बाळांची गादी.
बाळं माझी लादीवर, लादी गार गार!"

रेवू म्हणाली, "देईन की! पण हा चिटोरा नाही, तिकीट आहे. तिकीट प्रवाशालाच मिळतं. तू बस. बसलीस की देते."

"मला बसवत नाही गं!"

"गाडीत उभं राहायचं नाही," कंडक्टर म्हणाली.

टिकली खुर्चीवर चढली. बसली. शेपटी बसली, पाय बसेनात. पाय बसले, मिशा बसेनात.

"मिशासुद्धा," रेवू म्हणाली.

टिकलीने दोन्ही हातांनी मिशा धरल्या.

"हं. कुठे जायचंय?"

"बाळांकडे."

"कुठे असतात?"

"तुझ्याच घरात. ओट्याखाली. लादीवर."

"गादी का नाही?"

"गादी भज्यांखाली गेली."

रेवूने ओट्याकडे पाहिलं. तिने भजी खाल्ली होती. खूप खाल्ली होती. तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तिने पिशवीत हात घातला. तिकीट काढलं. एकदा पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"घे," ती म्हणाली. "पळ!"

टिंग टिंग!

टिकली सुटली! तोंडात तिकीट. टुण टुण टुण. तुरुतुरु तुरुतुरु.

चिटोरा पेटला. फुर्र!
करवंटी पेटली. तडतड!
कोळसा पेटला. लाल लाल!
इस्त्री तापली. चर्रर्र!
काकू हो म्हणाल्या. लांबूनच म्हणाल्या. "होऽऽऽ!"
दादाने फाटक उघडलं. कर्रर्र!
काकांनी पेपर टाकला. फट्!
मामांनी इस्त्री फिरवली. सुंई सुंई!
आणि पेपर आला आजोबांकडे. गरम गरम. कडक कडक. एकही सुरकुती नाही!

आजोबांनी नवा पेपर गालाला लावला. मग जुना पाहिला. त्यातलं कोडं पाहिलं.

"बरं बाबा," आजोबा जुन्या पेपरला म्हणाले. "पुष्कळ सोबत केलीस. आता झालास तू रद्दी."

टर्र टर्र टर्र! आजोबांनी फाडून दिला. टिकलीने ओढत नेला. कुर्र कुर्र कुर्र. मऊमऊ गादी झाली. एक बाळ गादीवर. दुसरं बाळ गादीवर. तिसरं, चौथं, पाचवं. सगळी गादीवर!

चीं चीं थांबलं.

रेवू ओट्याखाली वाकून बघत होती. टिकली म्हणाली, "रेवू, तुझं तिकीट जळलं गं."

"माहितेय मला," रेवू म्हणाली. पण तिने रिकाम्या पिशवीत पुन्हा एकदा पाहिलं.

टिकलीने रद्दीचा एक तुकडा घेतला. या बाजूने कुर्र. त्या बाजूने कुर्र. चौकोनी तुकडा झाला. मधोमध एक छोटंसं भोक.

"अय्या! तिकीट!" रेवू म्हणाली.

"हे घे. आणि हे घे. आणि हेसुद्धा."

कुर्र कुर्र कुर्र. रेवूची पिशवी भरली!

"आई, चल! बाबा, चला! आजोबा, गाडी सुटतेय!"

आई आली, पदराला हात पुसत. बाबा आले, फोन ठेवून. आजोबा आले, नवा पेपर घेऊन. सगळ्यांना तिकिटं. टिकलीलाही एक.

"आणि बाळांना?" आजोबांनी विचारलं.

"बाळांना फुकट," कंडक्टर म्हणाली. "ती अजून लहान आहेत."

टिंग टिंग! घर्रर्र! गाडी निघाली. मावशीच्या गावाला गेली. शाळेवरून गेली. मैत्रिणींच्या दारावरून गेली. फिरून फिरून परत आली.

"ओट्याखाली कोण उतरणार?"

"मी!" टिकली उतरली. बाळांपाशी गेली. गादीवर टेकली.

पाय बसले. शेपटी बसली. मिशासुद्धा बसल्या, न धरता.

रेवूने वाटीवर चमचा वाजवला. अगदी हळू. एकदाच.

टिंग.

गाडी थांबली. गोष्ट थांबली. आता तुम्हीही गादीवर.