देवीच्या पत्रातली चूक

“चूक नाही ना? एकही नाही ना?” बेलशुनूनं तिसऱ्यांदा विचारलं.

म्हातारी निनकल्ला ओल्या मातीची पाटी उन्हात तिरकी धरून वाचत होती. मातीत टोचलेली अक्षरं खाचांत सावली पडली तरच दिसतात, आणि तिच्या डोळ्यांना हल्ली सावलीही पुरत नव्हती.

ही निप्पूर गावची गोष्ट. दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या मुलखातली, चार हजार वर्षांमागची. सुमेरी लोकांचं राज्य तेव्हा केव्हाच बुडालं होतं. राज्यामागून बोलीही गेली. चुलीपाशी, बाजारात, भांडणात... जिथंतिथं अक्कदी. सुमेरी उरली ती देवळात आणि निनकल्लाच्या पाटीघरात. तिथं पोरं मांडी घालून बसत आणि बोरूनं मातीवर अक्षरं टोचायला शिकत. तिला सगळी आईच म्हणत.

देवांना फक्त सुमेरी कळते, असं शिकलीसवरलेली माणसं सांगत. देवांना कुणी विचारलं होतं, कोण जाणे!

बेलशुनू याच पाटीघरात घडला. आता तो मोठ्या देवळाचा मुख्य लेखनिक होता. गळ्यात निळ्या दगडाचा कोरीव शिक्का. बारा वर्षांत त्याला या आईचा उंबरा चढायला सवड झाली नव्हती. आज मात्र धावत आला होता, आणि धापा टाकत होता.

घरी त्याची सहा वर्षांची लेक तापानं फणफणली होती. आज सातवा दिवस. वैद्य झाले, मांत्रिक झाले. आता एकच दार राहिलं होतं, रोग बरे करणारी देवी निन-इसिना. तिला पत्र धाडायचं. तिच्या गावची नाव दुपारी सुटणार होती. तिथला पुजारी पत्र मूर्तीच्या पायाशी ठेवणार होता. एखादं अक्षर चुकलं आणि देवीनं तोंड फिरवलं, तर?

“चूक नाही,” निनकल्ला म्हणाली.

बेलशुनूनं श्वास सोडला.

“असली सुमेरी माझ्या आईलासुद्धा येत नव्हती. ती बिचारी सुमेरीत शेळ्यांना शिव्या द्यायची.”

“मग धाडू?”

“वाचून दाखव आधी. माझे कान अजून शाबूत आहेत.”

त्यानं वाचलं. खणखणीत आवाजात. पहिल्या अकरा ओळी देवीच्या स्तुतीच्या. आकाशाएवढी तू, पर्वतांना टाके घालणारी तू. मग चार ओळी स्वतःच्या. अमक्याचा पुत्र, तमक्या देवळाचा मुख्य लेखनिक, पाच राजांच्या शिलालेखांचा जाणकार. शेवटी एक ओळ : सेवकाच्या अंगणातलं रोप सुकत आहे, त्यावर पाणी शिंप.

“रोप?”

“तशी रीत आहे, आई! तुम्हीच तर गिरवून घेतलंत. शंभरदा!”

“घेतलं खरं...”

म्हातारीनं नाक खाजवलं.

“देवी माळी पाठवेल रे.”

“आई, ही चेष्टेची वेळ आहे?”

“नाही.”

बाहेर पोरं धडा घोकत होती. तिनं पाटी त्याच्या हातून घेऊन मांडीवर ठेवली.

“माझा उर-लम्मा असाच पडला होता तापानं. मीही पत्र लिहिलं होतं. त्यातही चूक नव्हती.”

बेलशुनू तिच्याकडं बघत राहिला. नऊ वर्षं तो या घरात जेवला होता, आणि आईला मूल होतं का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“मग... देवीनं ऐकलं?”

निनकल्लानं शेजारच्या घड्यात अंगठा बुडवला, आणि पाटीच्या पहिल्या ओळीवरून फिरवला. ओळ गेली.

“आई!”

“आकाशाएवढी. ते तिला ठाऊक असेल.”

अंगठा पुन्हा पाण्यात, पुन्हा मातीवर.

“मुख्य लेखनिक. याला ताप नाही.”

“दोन रात्री जागून लिहिलंय मी ते!”

“आणि पोरीपाशी कोण जागलं?”

तो मटकन खाली बसला, तिथंच, जिथं लहान पोरं बसत.

“तिची आई,” तो म्हणाला. “माझ्यानं पोरीकडं बघवत नाही... पाणी पाजलं तर ओठांतून परत येतं. मग मी उठतो, आणि लिहीत बसतो.”

म्हातारीनं उरलेल्या ओळीही पुसल्या, शेवटची मात्र हळू. पाटी तळव्यासारखी सपाट झाली.

“घरात तिला काय हाक मारतोस?”

“आई, ते काही देवीपुढं...”

“काय हाक मारतोस?”

“उंदरी.” त्याला हसू आलं. “भाकरी घेते आणि कोपऱ्यात जाऊन कुरतडते. म्हणून.”

“बोरू घे.”

“सुमेरीत उंदरीला...”

“मी सुमेरी विचारली का तुला?”

बेलशुनूनं बोरू घेतला. राजांचे लेख लिहिणारा हात, पण ओळी नवशिक्यासारख्या वाकड्या गेल्या. घरच्या अक्कदीत त्यानं लिहिलं : उंदरीला ताप आहे. ती खात नाही. मी तिचा बाप. मला भीती वाटते.

एवढंच. मग सवयीनं, सहीचा ठसा उमटवायला, त्याचा हात गळ्यातल्या शिक्क्याकडं गेला.

“तो राहू दे. नख लाव.”

नख लावायचं ते हमालांनी, मेंढपाळांनी, ज्यांना शिक्का परवडत नाही त्यांनी. तो क्षणभर थांबला. मग त्यानं अंगठ्याचं नख मातीत रुतवलं, अगदी खोल.

घाटावरून नावाड्याची हाळी आली.

बेलशुनूनं पाटी ओल्या फडक्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि निघाला. दारात मात्र त्याचे पाय अडखळले.

“आई... देवीला अक्कदी कळेल?”

निनकल्ला लुगड्याला अंगठा पुशीत होती.

“नाही कळली, तर धाड देवीला माझ्याकडं. बसवीन पोरांच्या ओळीत.”