गाओसाहेबांचा नगारा

सिचुआनमधल्या एका दमट, धुकट गावात उत्तरेकडून गाओ नावाचे न्यायाधीश बदलून आले. फिर्याद मांडणाऱ्याने वाजवायचा मोठा नगाराही त्यांनी येताना आपल्या मुलखातून आणला होता. आल्या आल्या त्यांनी दवंडी दिली, "मिरचीनं अंगात आग भडकते. आजपासून मिरची बंद! आमच्या उत्तरेत माणसं मिरचीवाचून ठणठणीत असतात."

आता मुलूख वेगळा, हवा वेगळी; पण साहेबाला सांगणार कोण? शिपायांनी घराघरातली मिरची उचलून नेली आणि थोड्याच दिवसांत गावाचे सांधे धरले.

शेवटी शीन आजी काठी टेकत कचेरीपुढे गेली आणि तिनं नगाऱ्यावर टोला हाणला. नगारा नुसता भद्द वाजला. शिपाई सवयीनं शेगडी घेऊन धावला. त्यानं कातडं शेकलं आणि आजीच्या दुसऱ्या टोल्याला कचेरी दणाणली.

गाओसाहेब बाहेर आले. "काय गं म्हातारे, मिरचीचंच रडगाणं ना?"

"आधी एक सांगा साहेब. हा नगारा तुमच्या गावी शेकावा लागायचा का?"

"छे! तिकडची हवा कोरडी. इथल्या ओलीनं कातडं सैल पडतं, म्हणून रोज शेकावं लागतं."

"मेलेल्या कातड्याला इथं रोज शेक लागतो, साहेब. मग आमच्या जित्या कातड्याला नको? शेगडी काही पोटात ठेवता येत नाही, म्हणून आम्ही मिरची खातो."

गाओसाहेब आपलाच आखडलेला गुडघा चोळत खो खो हसले.

बंदी उठल्याची दवंडी त्याच दुपारी निघाली. त्याआधी शेगडीवर नगारा शेकून घेतला, आणि आजीच्या झणझणीत रश्श्यावर साहेब.