लिंबाएवढ्या भुरीची गादी

मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. कारण लिंबाएवढं होतं.

आम्ही लेकीसाठी, अबोलीसाठी हॅमस्टर आणला. तिला कुत्रा हवा होता, पण घरमालकांना कुत्रा चालत नाही आणि आमच्या पाकिटाला कुत्र्याचं खाणं चालत नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आम्ही उंदीर घालवायला पिंजरा आणायचो. तुम्ही पिंजऱ्यासकट उंदीर विकत आणलात?" तशी मी बी.एड. आहे. बालमानसशास्त्रात बरे गुण होते. त्या पेपरात उंदीर नव्हता.

पण झोप उडाली ती यामुळे नाही. दुकानात पांढरे शुभ्र, गुबगुबीत असे पुष्कळ होते. आम्ही भुरी घेतली. तिचा एक कान फाटका आहे, म्हणून ती आम्हाला परवडली. तिची गादीसुद्धा दुकानातली नाही. माझ्या नवऱ्याने, केदारने, कोपऱ्यावरच्या सुताराकडून रंध्याने तासलेल्या लाकडाच्या साली आणल्या, पिशवी भरून, फुकट. आता साडेतीन वर्षांची मुलगी एक दिवस विचारणारच, "आई, हीच का आणली?" तेव्हा काय सांगायचं?

मला सुचलं ते हे. अबोली मांडीवर, भुरी पिंजऱ्यात, आणि मी आपली सांगत सुटले.

*

लिंबाएवढी एक भुरी होती. दोन डोळे, मिरीच्या दाण्यांसारखे. दोन कान. एक अख्खा, एक फाटका.

भुरी राहायची दुकानात. सगळ्यांत खालच्या पिंजऱ्यात.

लोक यायचे. वरच्या पिंजऱ्यात बघायचे. "हा पांढरा द्या." पांढरा घरी जायचा. खाली कुणी बघायचंच नाही.

एक दिवस काय झालं, वरची पाण्याची बाटली गळली. ठिप. ठिप. ठिप.

पाणी कुठे पडलं? भुरीच्या गादीवर.

गादी भिजली. भुरी या कुशीवर वळली. गार. त्या कुशीवर वळली. गारच.

भुरी म्हणाली, "दुकानदारमामा, दुकानदारमामा, नवी गादी द्या."

मामा म्हणाले, "साली संपल्या गं. सुतारकाकांकडे मिळतील. जा, घेऊन ये. पण दिवे लागायच्या आत परत ये हं."

भुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत कोण भेटलं? सुतारकाका.

"सुतारकाका, सुतारकाका, साली देता?"

"कशाला गं, भुरे?"

"साली नाहीत, तर गादी नाही.
गादी भिजली ठिप ठिप.
भुरीला लागेना झोप."

काका म्हणाले, "दिल्या असत्या. पण माझ्या रंध्याला धार नाही. लाकडावरून नुसताच घसरतो. धारवालेदादा धार लावू देत, मग देईन."

भुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत कोण भेटलं? धारवालेदादा. सायकल उभी, दगडाचं चाक गप्प.

"धारवालेदादा, धारवालेदादा, धार लावता?"

"कशाला? तुझ्या दातांना? ते तर आधीच धारदार आहेत की."

"दातांना नाही हो.
धार नाही, तर रंधा नाही.
रंधा नाही, तर साली नाहीत.
साली नाहीत, तर गादी नाही.
गादी भिजली ठिप ठिप.
भुरीला लागेना झोप."

दादा म्हणाले, "लावली असती. पण माझ्या चाकाचा पट्टा तुटलाय. पट्ट्याशिवाय चाक फिरत नाही. चपलावाले आजोबा पट्टा शिवू देत, मग लावीन."

भुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत कोण भेटलं? चपलावाले आजोबा.

"आजोबा, आजोबा, शिवून देता?"

"तुझी चप्पल? तुला बाई दोन जोड लागतील. पाय चार."

"चप्पल नाही हो.
पट्टा नाही, तर धार नाही.
धार नाही, तर रंधा नाही.
रंधा नाही, तर साली नाहीत.
साली नाहीत, तर गादी नाही.
गादी भिजली ठिप ठिप.
भुरीला लागेना झोप."

आजोबा म्हणाले, "शिवला असता. पण दोऱ्याला लावायला मेण नाही. मेण नसेल तर दोरा चामड्यात तुटतो. मधमाशी मेण देऊ दे, मग शिवीन."

(इथे अबोलीने विचारलं, "मेण म्हणजे मेणबत्ती?" मी म्हटलं, "तिचंच भावंड." पुढे.)

भुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत कोण भेटलं? मधमाशी. गुं गुं गुं.

"माशीताई, माशीताई, मेण देतेस?"

"माझ्याहून एवढी मोठी, आणि माझ्याकडे मागतेस?"

"मागते गं.
मेण नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर धार नाही.
धार नाही, तर रंधा नाही.
रंधा नाही, तर साली नाहीत.
साली नाहीत, तर गादी नाही.
गादी भिजली ठिप ठिप.
भुरीला लागेना झोप."

माशीताई म्हणाली, "दिलं असतं. पण सकाळपासून उपाशी आहे. उपाशीपोटी मेण होतंय का? ती बघ, खिडकीतली झेंडूची कळी. ती उमलू दे, मग देईन."

भुरी निघाली. पाइपवरून वर. तुरु तुरु, तुरु तुरु.

खिडकीत कोण भेटलं? झेंडूची कळी. मान खाली घालून बसलेली.

"कळीबाई, कळीबाई, उमलतेस?"

"कशाला गं, भुरे?"

"फूल नाही, तर मेण नाही.
मेण नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर धार नाही.
धार नाही, तर रंधा नाही.
रंधा नाही, तर साली नाहीत.
साली नाहीत, तर गादी नाही.
गादी भिजली ठिप ठिप.
भुरीला लागेना झोप."

कळी म्हणाली, "उमलले असते. पण आज मला पाणीच नाही. या घरातली छोटी रोज घालते. छोटी पाणी घालू दे, मग उमलेन."

भुरीने खिडकीतून आत पाहिलं.

आत कोण होतं? छोटी. पलंगाखाली. मुसु मुसु, मुसु मुसु.

"छोटी, छोटी, पाणी घालतेस?"

"कुणाला?"

"कळीला.
पाणी नाही, तर फूल नाही.
फूल नाही, तर मेण नाही.
मेण नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर धार नाही.
धार नाही, तर रंधा नाही.
रंधा नाही, तर साली नाहीत.
साली नाहीत, तर गादी नाही.
गादी भिजली ठिप ठिप.
भुरीला लागेना झोप."

छोटी म्हणाली, "घातलं असतं. पण मी रुसलेय."

"का गं?"

"मला सोबत हवी. आई म्हणते कुत्रा मोठा. त्याचं खाणं मोठं. आपलं घर छोटं. बाबांचा पगारही छोटा. म्हणते, तुझ्या ओंजळीत मावेल असं कुणी असेल तर बघू. असं कुणी असतं का? ते मिळू दे, मग पाणी घालीन."

"मी शोधून आणते," भुरी म्हणाली.

(अबोली ताठ बसली. "पण..." म्हणाली. मी म्हटलं, "थांब." मला वाटतं तिला कळलं होतं. भुरीला नव्हतं.)

भुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत भेटला कुत्रा. "कुत्रेदादा, ओंजळीत मावशील?"

"माझं नुसतं नाक मावेल," कुत्रा म्हणाला.

वाटेत भेटली बकरी. "बकरीमावशी, ओंजळीत मावशील?"

"दाढी मावेल. बाकीची मी कुठे ठेवू?"

वाटेत भेटली मांजर. "मनीताई, ओंजळीत मावशील?"

"मावेनही," मांजर म्हणाली. "जरा जवळ ये, मग सांगते."

भुरी जवळ गेली नाही. तुरु तुरु तुरु तुरु तुरु तुरु. थेट पाइपवरून वर. थेट खिडकीत.

ऊन उतरलं होतं. भुरीचे पाय दुखत होते. चारही.

"मिळालं कुणी?" छोटीने विचारलं.

"नाही गं," भुरी म्हणाली. "सगळे मोठे आहेत. आता...
सोबत नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर फूल नाही.
फूल नाही, तर मेण नाही.
मेण नाही, तर... पट्टा नाही.
पट्टा नाही... तर..."

पुढचं तिला आठवेना. डोळे मिटत होते.

छोटी पलंगाखालून बाहेर आली. "दमलीस तू. जरा बस इथे," ती म्हणाली. आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

भुरीने एक पाय ठेवला. मग दुसरा. मग मागचे दोन. मग एवढीशी शेपटी.

सगळी भुरी आत. वर थोडी जागा उरली.

छोटीला गुदगुल्या झाल्या. खुदु खुदु, खुदु खुदु.

"मिळालं," छोटी म्हणाली.

"कोण?" भुरीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"तू गं."

भुरीने स्वतःकडे पाहिलं. पोट पाहिलं. पाय पाहिले. असं कुणी तिला कधी म्हटलंच नव्हतं.

मग?

मग छोटी हसली.
छोटी हसली, कळीला पाणी घातलं. झुळु झुळु.
पाणी मिळालं, कळी उमलली. हळूच, हळूच.
फूल उमललं, माशीताईने मेण दिलं. गुं गुं गुं.
मेण मिळालं, आजोबांनी पट्टा शिवला. खुस्स खुस्स.
पट्टा शिवला, दादांनी धार लावली. चिर्रर्र, चिर्रर्र.
धार लागली, काकांनी रंधा मारला. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र.

आणि रंध्यातून काय निघालं? साली. पिवळ्या साली. कुरळ्या साली. मऊ मऊ साली. पडतायत, पडतायत, काकांचे पाय दिसेनात.

"बास का?" काका म्हणाले.

"अजून थोड्या," छोटी म्हणाली.

काकांनी पिशवी भरून दिली. वर उरलेल्या फळ्यांचं एक खोकंही ठोकून दिलं. त्याला एक दार. त्याला एक खिडकी.

छोटी आणि आई दुकानात गेल्या. दिवे अजून लागायचे होते. मामा दारातच उभे.

"कुठे होतीस गं भुरे? मी वाट बघतोय."

आईने पाकीट उघडलं. आत डोकावून पाहिलं. मग हळूच विचारलं, "ही कितीला?"

मामा म्हणाले, "ते भुरीलाच विचारू. भुरे, जायचं का यांच्याकडे?"

मामा खाली वाकले.

छोटीने ओंजळ उघडली. भुरी ओंजळभर सालींत गुरफटून पडली होती. पोट वर, खाली. वर, खाली. फाटका कान वर, अख्खा कान खाली.

"झोपली ही," मामा म्हणाले. आवाज एकदम लहान केला त्यांनी. "झोपलेल्याला उठवून किंमत विचारतं का कुणी? घेऊन जा. पाकिटात असेल ते ठेवा."

छोटी निघाली. पाय न वाजवता.

गादी सुकी, मऊ मऊ.
भुरी झोपली, नका उठवू.

*

मी थांबले. आता प्रश्न येणार, हे मला माहीत होतं. कानाचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. किमतीचंही ठेवलं होतं, दोन प्रकारे. केदार दारात उभा राहून हसत होता, ते मला दिसलंच नाही असं मी दाखवलं.

पिंजऱ्यात खरी भुरी सालींखाली गेली होती. वर फक्त फाटका कान दिसत होता. अबोलीने तो बराच वेळ पाहिला. बोट पुढे नेलं, आणि लावता लावता मागे घेतलं.

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, म्हणाली,

"परत सांग. पण आता ना, सुतारकाकांनी मागितल्या मागितल्या द्यायच्या साली. ती दमते."