तीन वेळा हललेली मान

त्या राज्यात सकाळी उठून जाळी बघायची, दुपारभर त्यांच्यावरून भांडायचं आणि घसा बसला की घरी जायचं, एवढंच काम सगळ्यांना होतं. दवाचे चार महिने कोळी झुडपाझुडपांत जाळी विणत. उन्हाची पहिली तिरीप मागून आली की धाग्यांवरचे थेंब पेटत, घरंगळत, मध्येच थबकत, एकमेकांत मिसळत. समोर बसलेल्यांना त्यात लढाया दिसत, लग्नं दिसत, कुणाची तरी ताटातूट दिसे. ऊन वर आलं की खेळ संपे आणि भांडण सुरू होई.

दव सरत आलं की तीन पंच एका जाळ्याला डिंकाचा मान देत. बाभळीचा ताजा डिंक त्या जाळ्यावर ओतला जाई आणि ते कायमचं टिके. उरलेली सगळी जाळी दुसऱ्या दिवशी साळिंदर आपल्या काट्यांनी झाडून काढी, कारण पुढच्या वर्षाला जागा लागते. डिंक एकाच जाळ्यापुरता का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायला वेळ कुणाला होता? सगळे तर यंदा मान कुणाला, याच चिंतेत.

ते आधी सांगणारा एकच जण होता, कुंपणावरचा सरडा काटेराव. मानाला सात दिवस उरले की तो एकेका जाळ्यापुढून फिरे, आणि ज्याच्यापुढे तीन वेळा मान हलवी त्यालाच डिंक लागे. एकदा हलवली तर जाळं बरं, दोनदा हलवली तर चांगलं, तीनदा हलवली की झालंच. बारा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्यामुळे त्याला गर्व चढला होता असं कुणी म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या गर्वामागे कष्टही होते. पंचांनी आजवर कशाला मान दिला, कोणत्या वर्षी आकार किती, थेंब किती, झाडं कोणती, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

यंदा दोन जाळ्यांवरून रान पेटलं होतं. पहिलं जरतारे बंधूंचं. चाळीस कोळी कामाला लावून त्यांनी दोन आंब्यांच्या मध्ये एक आख्खा राजवाडा उभा केला होता. ऊन आलं की हजार थेंब एकदम लखलखत, बघणारे "आहाहा" म्हणत आणि डोळे चोळत घरी जात. दुसरं जाळं घाणेरीच्या झुडपात, हातभर सुद्धा नव्हतं. ते म्हाताऱ्या सुतोबानं एकट्यानं विणलेलं. त्यात एक खार होती. तिनं कुठंतरी बी पुरून ठेवलेलं असे आणि ती जागा ती विसरलेली असे. बाकी काही नाही. एकच थेंब धाग्यावरून निघे, इथं हुंगे, तिथं थबके, माघारी वळे. एका गाठीपाशी येऊन तो थरथरत उभा राही, आणि समोर बसलेले सगळे, अगदी मुंगूस सुद्धा, श्वास रोखत. मग थेंब पडे. बी सापडलं की नाही ते कळायच्या आतच ऊन वर येई.

काटेरावानं ते जाळं एकोणीस वेळा पाहिलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

साळूबाई साळुंकीला ते ठाऊक होतं. ती त्याची रोजची भांडणारीण. दोघं कुंपणावर शेजारी बसत आणि शेजारी बसूनच एकमेकांचा जीव खात.

"काय हो काटेराव, यंदा कुणापुढे डोलणार?" तिनं विचारलं.

"राजवाडा," काटेराव म्हणाला. "बारापैकी बारा वर्षं पंचांनी मोठंच जाळं उचललंय. यात डोकं चालवण्यासारखं काय आहे?"

"आणि टिकणार कोणतं?"

"डिंक ज्याला लागेल ते. टिकवण्यासाठीच तर असतो डिंक."

"असं? मग सांगा बघू, तिसऱ्या वर्षी मान कुणाला होता?"

"कांचनमहाल. सहाशे थेंब. जांभळीवर."

"त्यात काय होतं?"

काटेराव नखानं कुंपण खरवडू लागला. मग तो म्हणाला, "मोठं होतं."

"बघा!" साळूबाईनं पंख फडफडवले. "ओळीनं बारा डिंकाळलेली जाळी टांगलीत तिकडं. दव बसत नाही त्यांच्यावर, ऊन पार होत नाही. नुसती तपकिरी फडकी. कुत्रं फिरकत नाही तिथं. आणि म्हणे टिकली!"

"मग डिंक लागलाच नाही तर तुमचं ते खारीचं जाळं तरी कसं टिकणार? मान झाला की साळिंदर येईल आणि एका फटक्यात नेईल."

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. साळूबाई पाठ फिरवून पिसं साफ करू लागली. तिनं पाठ फिरवली की काटेरावाला ती भांडते त्याहून जास्त टोचे.

त्याच दुपारी तो घाणेरीपाशी गेला. सुतोबा जाळ्याच्या कडेला पाय आखडून बसला होता.

"ये रे काटेराव. आज उशीर केलास."

"सुतोबा, पुढच्या वर्षी काय विणणार?"

"पुढच्या वर्षी? अरे, धागा आटला माझा. ही शेवटची गाठ ओढली ना, तेव्हा पोटातून काही येतच नव्हतं." तो हसला. "एवढं एक राहिलं तर बरं होईल बघ. बाकी आयुष्यभर विणलं ते गेलंच सगळं झाडणीत. त्याचं काही नाही. पण हे जमलंय असं मला वाटतं. तुला काय वाटतं?"

काटेरावाला म्हणायचं होतं की आजवर मी असं जाळं पाहिलं नाही. तो म्हणाला, "चांगलं आहे."

परत येताना तो स्वतःवरच चिडला. साळूबाईनं त्याला कुंपणावरच गाठलं. "मग सांगून टाका की! तीनदा हलवा मान त्या खारीपुढे. बारा वर्षं ऐकलंय सगळ्यांनी तुमचं."

"साळूबाई, काय व्हावं ते मी सांगत नाही, काय होणार ते सांगतो. मला आवडलं म्हणून मान हलवली आणि मान मिळाला राजवाड्याला, तर माझ्या शब्दाला किंमत काय उरली? मग हसतील लोक."

"हसू देत!"

"तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमचं भाकीत कोण ऐकतं?"

हे लागणार होतं आणि लागलं. ती उडून गेली. काटेराव रात्रभर डोळा लागू न देता हिशेब करत राहिला, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. पंच मोठं जाळं घेतात. पंच मोठंच जाळं घेतात.

मानाला सात दिवस उरले त्या दिवशी सगळं रान जमलं. काटेराव खारीच्या जाळ्यापुढे आला. थेंब नेमका त्या गाठीपाशी उभा होता. काटेरावाची मान एकदा हलली. दुसऱ्यांदा हलली. तिसऱ्यांदा हलायला निघाली होती, ती त्यानं दात-ओठ खाऊन आवरली. मग तो राजवाड्यापुढे गेला आणि मोजून तीन वेळा, सगळ्यांना दिसेल अशी, मान हलवली. चिमण्यांनी बातमी घेतली आणि त्या चारी दिशांना गेल्या.

सात दिवसांनी मान राजवाड्याला मिळाला. तेरावं वर्ष. जरतारे बंधूंनी डिंकाखाली उभं राहून छाती फुगवली. लोकांनी काटेरावाची पाठ थोपटली, वा वा केलं, आणि त्याला ते सगळं कडू लागलं. उद्या झाडणी होती.

मग त्यानं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. तो थेट पंचांकडे गेला. पंच म्हणजे जुनं कासव, घोरपड आणि एका पायावर उभा राहणारा बगळा. तिघं तळ्याकाठी निवांत बसले होते.

"पंच," काटेराव म्हणाला, "एक विनंती आहे. घाणेरीतलं ते एक जाळं झाडू नका. तेवढं एकच."

"खारीचं?" कासवानं मान बाहेर काढली. "अरेरे, फार सुंदर होतं हो ते. मी तर चार वेळा पाहिलं."

"मी सहा वेळा," घोरपड म्हणाली.

बगळ्यानं डोळे उघडले. "शेवटी तो थेंब थबकतो ना, तिथं माझा दुसरा पाय कधी खाली टेकला मला कळलंच नाही."

काटेराव दोन पावलं पुढे सरकला. "मग तुम्ही त्याला मान का दिला नाही?"

"असं कसं विचारता?" कासव गोंधळलं. "तुम्ही मान हलवलीत ना राजवाड्यापुढे. तीनदा. आम्ही म्हटलं, काटेराव बारा वर्षांत चुकले नाहीत, त्यांना आतलं काहीतरी दिसत असणार. उगाच आम्ही वेगळं सांगायचं आणि रानानं म्हणायचं, पंचांना कळत नाही."

"अहो, पण मी तुमच्याकडे बघून सांगत होतो! तुम्ही दरवर्षी मोठंच घेता म्हणून!"

"आणि आम्ही तुमच्याकडे बघून घेत होतो," घोरपड शांतपणे म्हणाली. "तुम्हाला मोठं आवडतं असं आम्हाला वाटलं."

काटेरावाचे रंग भराभर बदलले, हिरवा, तांबडा, काळा, आणि शेवटी तो दगडासारखा राखी झाला. "तेरा वर्षं!" तो ओरडला. "तेरा वर्षं, पंच! मग तो कांचनमहाल, ते सिंहद्वार, ते सगळं कुणाला आवडलं होतं?"

तिघांनी विचार केला. कुणालाच आठवेना.

"आता तरी बदला," काटेराव म्हणाला. "मी चुकलो असं मी सगळ्यांसमोर सांगतो. हवं तर दवंडी पिटतो."

"डिंक संपला," कासव म्हणालं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "आणि झाडणी ही झाडणी असते. नियम आहे. आपण काय करणार?"

सकाळी साळिंदर आलं तेव्हा काटेराव घाणेरीपुढे चारी पाय रोवून उभा होता.

"बाजूला व्हा, काटेराव," साळिंदर म्हणालं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "अजून तीनशे उरलीत."

"हे एक सोडा."

"असं प्रत्येकजण एकेक सोडा म्हणतो. मग झाडू काय?" त्यानं पाठ वळवली, एक फटका मारला, आणि जाळं गेलं. गाठ, खार, थेंब, सगळं त्याच्या काट्यांत गुंडाळलं गेलं. ते पुढच्या झुडपाकडे निघालंही.

सुतोबा फांदीवर होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"माझ्यामुळे झालं, सुतोबा. मान तुमच्याच जाळ्यापुढे तिसऱ्यांदा हलणार होती. मी आवरली. मी तिला आवरली!"

"तुझ्यामुळे कसं? तू नुसतं सांगितलंस." म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर एक पाय ठेवला. तो पाय इतका हलका होता की काटेरावाला तो जाणवला नाही, नुसता दिसला. त्याला रडूच फुटलं. "शी!" तो स्वतःलाच म्हणाला. "काय मिळवलं मी बरोबर ठरून?"

दुसऱ्या दिवशी त्याला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून झाडणी झालेल्या, ओस पडलेल्या घाणेरीकडे तो उजाडताच गेला. तिथं कुणी नसणार म्हणून गेला, आणि तिथं जागा नव्हती. बुलबुल, मुंगूस, दोन ससे, चिमण्यांची रांग, पलीकडे शेपूट पुढ्यात घेऊन एक खरीखुरी खार. सगळ्यांच्या पुढे साळूबाई बसली होती. समोर दोन फांद्या आणि मध्ये मोकळी हवा.

"आता निघाला थेंब," साळूबाई हळूच म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा एकदम वरच्या फांदीवरून निघाल्या. खाली आल्या, डावीकडे गेल्या, माघारी वळल्या. काटेराव तिच्याशेजारी जाऊन बसला. तिनं न बघता त्याच्यासाठी जागा केली. सुतोबा फांदीवरून ह्या सगळ्यांकडे बघत होता.

तेवढ्यात मागून सरपटल्याचा आवाज झाला. तिघं पंच आले होते. त्यांनी मोकळ्या हवेकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं.

"काटेराव," कासवानं कानाशी येऊन विचारलं, "सगळे कुठं बघताहेत?"

समोरच्या सगळ्यांनी त्याच क्षणी श्वास रोखला, काटेरावानंही रोखला, आणि तिघं पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.