शेठची लाल गिटार

"माझाच दादा का गेला?" निवासनं घरात, गल्लीत सगळ्यांना विचारलं. दादा, म्हणजे विलास, ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. आता त्याच्या जागी निवास उभा राहणार होता, म्हणून वादकमंडळी त्याला भारीतली गिटार घ्यायला नेमगोंडाशेठच्या दुकानात घेऊन गेली.

शेठनी भिंतीवरची लाल गिटार काढली. "दुकानाची शान आहे! इतकी वर्षं रोज मीच पुसतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ही हातात आली की कुणीही कलाकार होतो. तुझा भाऊ त्या डबड्यावर वाजवत बसला, म्हणून तसाच राहिला!"

निवासच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कापला नाही. "शेठ, इतकी वर्षं ही तुमच्याच हातात आहे ना? मग तुम्ही अजून कलाकार कसे झाला नाहीत?"

मंडळी खो खो हसली. शेठ गिटार पुसत बसले.

"चला रे," निवास म्हणाला, "दादाचीच वाजवतो."

संध्याकाळी स्टेजवर निवेदक एकेका वादकाचं नाव पुकारू लागला. निवासनं त्याच्या कानात सांगितलं, "गिटारवर विलास म्हण."

दादाचं नाव मैदानभर घुमलं, आणि निवासनं पहिली तार छेडली.